डावीकडे टेकलेला आकडा

माझी अख्खी नोकरी बेरजा करण्यात गेली असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई बँकेत होत्या. बँकेत नव्हते. मी आकड्यांच्या शाखेत होते, म्हणजे सांख्यिकीत. गावात माणसं किती, म्हशी किती, विहिरी किती, हातपंप किती आणि त्यातले नुसते शोभेला उभे किती, हे गोळा करायचं, एकाखाली एक मांडायचं, तळाशी बेरीज ओढायची आणि वर पाठवून द्यायचं. वर म्हणजे नक्की कुठं, ते मला विचारू नका. निवृत्त झाले तरी मला ते नीट कळलेलं नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा लातूर जिल्हा नवाकोरा होता. जुन्या जिल्ह्यातून कागदांची गाठोडी यायची आणि आम्ही फरशीवर बसून गावं वेगळी करायचो, हे त्यांचं, हे आपलं. सगळं हातानं. बेरीज चुकली की हेडक्लार्क वही परत फेकायचे आणि आपण मुकाट्यानं पुन्हा वरून सुरुवात करायची. पुढं नांदेडला बदली झाली आणि संगणक आला. मग कोणीतरी येऊन सांगितलं की आता बेरीज करायचीच नाही, ती आपोआप होते. मी त्या दिवशी फार खूश झाले होते. तो आनंद अज्ञानाचा होता.

ज्यांनी एक्सेलचा तक्ता कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कंटाळू नका. तक्ता म्हणजे चौकटी. चौकटीत तुम्ही काहीही लिहा, यंत्राच्या लेखी जाती दोनच, आकडा आणि अक्षर. जात हा शब्द मी जपून वापरते, पण इथं तो बरोबर बसतो, कारण एकदा का अक्षरांच्या पंगतीत बसवलं की त्या आकड्याला कोणी बेरजेत घेत नाही. तुम्ही ७२ लिहिलंत तर तो आकडा. '७२ मुली' लिहिलंत की झालं अक्षर. ७२ च्या पुढं एखादी रेघ मारलीत, 'लिटर' लिहिलंत, तरी अक्षरच. आपल्या डोळ्यांना बहात्तर दिसतात. यंत्राला एक शब्द दिसतो.

आणि खरी गोम पुढंच आहे. दोन चौकटींमध्ये अधिकचं चिन्ह घालून बेरीज केली, तर अशा जागी यंत्र निदान बोंब तरी मारतं. पण सगळे वापरतात ती मोठी बेरीज, वरपासून खालपर्यंत ओढायची ती, ती अक्षरापाशी आली की गुपचूप त्याला ओलांडून पुढं जाते. तक्रार नाही, लाल रेघ नाही, काही नाही. खाली बेरीज छान येते. फक्त चुकीची असते.

ओळखायची एक खूण आहे. यंत्राला आपण मोकळं सोडलं तर ते आकड्याला चौकटीच्या उजव्या भिंतीला टेकवतं आणि अक्षराला डाव्या. एवढं कळलं की निम्मं काम झालं. पण आमच्या लोकांना सौंदर्याची भारी हौस. तक्ता उघडला की आधी सगळं मधोमध आणायचं, मग मथळ्याला पिवळा रंग, मग जाड चौकट. मधोमध आणलं की कोण डावीकडचा आणि कोण उजवीकडचा, सगळं पुसलं जातं. कुठूनही तक्ता आला की मी पहिल्यांदा ते मधोमध काढून टाकायची. सहकारी चिडायचे. "मॅडमनं रांगोळी पुसली," म्हणायचे. पुसली तर पुसली.

हदगावकडचा आमचा एक मित्र होता, फार उत्साही. त्याच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बारीक हिरवी टिकली आली होती. ती यंत्राची सूचना असते, की बाबा रे, हा आकडा अक्षर म्हणून ठेवलाय, बघ जरा. गड्याला वाटलं हिरवं म्हणजे मंजूर. एकदोन चौकटींत टिकली नव्हती, तर त्यानं खटपट करून तिथंही आणली. मी विचारलं, "खाली बेरीज काय आली?" तर म्हणाला, "बेरीज शून्य हाय मॅडम, पण समदं पास हाय." मला हसू आवरेना आणि तो बिचारा माझ्याकडं बघत राहिला.

उलटी भानगडही असते. काही आकडे अक्षर म्हणूनच ठेवायला हवेत. लोह्याकडचे एक म्हातारे शेतकरी हातात उतारा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या जमिनीचा गट नंबर बारा आणि पोटहिस्सा एक. कोणीतरी तक्त्यात बारा तिरकी रेघ एक असं घातलं, यंत्राला वाटलं ही तारीख आहे आणि त्यानं परस्पर 'बारा जानेवारी' करून टाकलं. म्हातारबा म्हणाले, "बाई, हे तुमी माझं रान संक्रांतीच्या आधी कामून नेऊन ठिवलं? माझी पेरणी जूनमधी ऱ्हाती." मी आधी त्यांना चहा पाजला आणि मग जानेवारीतून त्यांचं रान काढलं. ते काही सोपं नव्हतं, कारण एकदा तारीख झालेल्या चौकटीला परत आकडा व्हायला सांगितलं की ती पाच आकडी काहीतरी भलतंच दाखवते.

असल्या गोष्टींवर मी वर्षानुवर्षं हसत आले. पण एक वेळ अशी आली की हसू पळालं. ती सांगायची म्हणून हा लेख.

ज्या वर्षी पुढं उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा लातूर-नांदेडच्या शिवेवरच्या एका तालुक्यात होते. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. हिवाळ्यातच विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि नेमकी त्याच वेळी नव्या जिल्ह्याची आवई उठली होती. आसपासच्या प्रत्येक तालुक्याला वाटत होतं की मुख्यालय आपल्याकडंच येणार. चहाच्या हॉटेलात बसून कलेक्टरचा बंगला कुठल्या माळावर बांधायचा इथपर्यंत लोकांनी ठरवलं होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्हा येणार होता.

जिल्ह्याची आशा लागली की आकडे फुगतात. ज्याची माणसं जास्त त्याचा दावा मोठा, म्हणून जो तो आपली गावं वाढवून सांगायला लागला. वरच्या ऑफिसनं वैतागून टँकरच्या मागणीचा एकच तक्ता करून पाठवला आणि त्याला पासवर्डचं कुलूप घातलं. आम्ही, आणि निवासी संस्थांच्या चौकटीत त्या त्या संस्थेनं, फक्त मोकळ्या चौकटींत आकडे भरायचे. गावातली माणसं, जनावरं, आणि गावातल्या निवासी संस्थांमधली माणसं, अशा तीन चौकटी. चौथ्या चौकटीत पाण्याची बेरीज आणि पाचवीत टँकरच्या खेपा आपोआप येणार. तक्ता अर्थातच पिवळ्या मथळ्याचा आणि सगळा मधोमध. मला माझी रांगोळी पुसायची सोयच ठेवली नव्हती.

गोंदेवाडी नावाचं गाव होतं, एका बाजूला माळ चढत जातो तिथं. त्या माळावर मुलींचं वसतिगृह. तांड्यांवरच्या, वाड्यांवरच्या पोरी तिथं राहून शिकायच्या. त्यांच्या अधीक्षिका गिरजाबाई स्वामी. उदगीरकडच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, उंच्यापुऱ्या आणि आवाज असा की माळावरून हाक मारली तर गावातली कुत्री गप्प होतील. घरात कानडी बोलायच्या म्हणून मुलीही त्यांना अव्वा म्हणायच्या. अव्वा म्हणजे आई. हळूहळू आम्हीही म्हणायला लागलो.

फेब्रुवारीत एक दिवस अव्वा ऑफिसात आल्या आणि साहेबांसमोर उभ्याच राहिल्या. साहेब नगरकडचे, माणूस कामसू आणि सरळ, पण त्या महिन्यात रोज पन्नास माणसं पाण्यासाठी येऊन ओरडत होती, त्यामुळे कावलेले.

"साहेब, माझ्या लेकींच्या वाट्याचं पाणी येत न्हाई," अव्वा म्हणाल्या.

"येतंय की. गोंदेवाडीला रोज दोन खेपा आहेत."

"त्या गावाला पुरून न्हाई राहिल्या. गावातल्या बाया आमच्या पोरींना टाकीजवळ येऊ देत न्हाईत. मनतात, तुमच्यामुळं आमाला कमी पडायलंय. लोटा लोटा मोजून देऊन राहिले मी. संक्रांतीपासून एकीच्या डोक्यावर पाणी पडलं न्हाई."

साहेबांनी तक्त्याची छापील प्रत पुढं सरकवली आणि बोट ठेवलं. "हे बघा. तुमचा आकडा धरलेला आहे. बहात्तर. ही बेरीज, या खेपा. आता तुमच्याकडं पाणी पोचत नसेल तर ते वाटेत कुठंतरी मुरतंय."

आकडा खरंच समोर दिसत होता. अव्वांनी चष्मा लावून पाहिला, मान हलवली. मीही पाहिला. 

वाटेत मुरतंय म्हणजे टँकरवाला विकतोय. टँकर बाबूभाईंचा होता. बाबूभाई देगलूरचे, पन्नाशीचे, बोलताना मराठीत दखनी मिसळणारे. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून फैलावर घेतलं. बाबूभाईंचा चेहरा उतरला. "साहब, रोजे ठेवणारा मानूस हाय मी. पानी विकून कुठं तोंड दाखवू? एक बादली बी कमी नक्को म्हणून नळी बी बदलली."

साहेबांनी ऐकून घेतलं, पण चौकशीचा कागद निघालाच. आणि त्याच्यापाठोपाठ दुसरा विषय निघाला. पाणी पुरत नसेल तर वसतिगृह पावसाळ्यापर्यंत बंद ठेवायचं आणि मुलींना घरी पाठवायचं. बंदचा प्रस्ताव करायचं काम माझ्याकडं आलं. साहेब म्हणाले, "सोनकांबळे मॅडम, दुपारपर्यंत विवरणपत्र करा. मी आज सही करून वर पाठवतो. पोरींना तहानलेलं ठेवून मला पाप नको."

मनानं ते वाईट बोलत नव्हते. पण दहावीची परीक्षा तोंडावर आली होती.

अव्वांना कोणी सांगितलं कोण जाणे, तासाभरात त्या हजर. सोबत बाबूभाई. त्यांच्याच टँकरच्या केबिनमध्ये बसून आल्या होत्या. तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या, मी फाईल घेऊन तिथंच उभी होते.

"आधी ह्या मानसाचं सांगते," बाबूभाईंकडं हात करून त्या म्हणाल्या. "हा रोज टँकर रिकामा करतो तवा मी तिथं उभी ऱ्हाते. झाकण उघडून आत काठी घालून बघते. ह्यानं थेंब विकला न्हाई. शिवाच्या आनेवर सांगते."

बाबूभाईंनी मान खाली घातली. मला वाटतं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आता माझ्या लेकींचं. साहेब, तुमाला वाटतंय चार महिन्याचा सवाल हाय. घरी धाडलेली पोरगी परत येत न्हाई. अर्ध्या जणींचे मायबाप कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत, घरी कुलूप हाय. ती पोरगी कोयता घेऊन मायच्या मागं जाईल, न्हाईतर कुणीतरी तिच्या लग्नाचं बगंल. दहावीच्या ज्या पोरी हायेत, त्यांचा पेपर होऊ द्या. मंग मला बी घरी धाडा."

साहेबांनी तक्त्याची छापील प्रत पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, "बाई, मला कळतंय. पण पाणी मी कुठून आणू? माझ्या कागदावर तुम्हाला पाणी दिलेलं आहे. जास्तीचं मागितलं तर वरचे म्हणतील, जिल्ह्यासाठी हेही आकडे फुगवायला लागले."

 अव्वा माझ्या मागोमाग बाहेर आल्या आणि माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसल्या. मी प्रस्ताव करणार होते आणि त्या तो होताना बघणार होत्या. मला फार वाईट वाटत होतं, त्यामुळे मी त्यांच्याकडं न बघता संगणक उघडला.

कुलूपवाल्या तक्त्यातली गोंदेवाडीची ओळ मी उचलली आणि नव्या कोऱ्या तक्त्यात ठेवली. रंग, चौकट, मधोमध काही न घेता नुसतं आतलं लिहिलेलं. माझी तशी सवयच. गावची माणसं उजवीकडं टेकली. जनावरं उजवीकडं टेकली. वसतिगृहाचे बहात्तर डावीकडं जाऊन टेकले.



मी चौकट नीट पाहिली. त्यात लिहिलं होतं ७२ आणि पुढं तिरकी रेघ, त्याला जोडून आडवी रेघ. आपण चेकवर किंवा पावतीवर आकड्यापुढं मारतो तशी. आमच्याकडं सगळ्या जुन्या माणसांची ती रीत. आकडा लिहिला की तो बंद करायचा, म्हणजे मागाहून कोणी पुढं शून्य चढवू शकत नाही. आमची पिढी असे बंद केलेले आकडे बघतच मोठी झाली, त्यामुळे ती रेघ डोळ्यांना दिसतच नाही. साहेबांना दिसली नव्हती, मला दिसली नव्हती, ज्या अव्वांनी ती मारली त्यांनाही दिसली नव्हती. यंत्राला मात्र तेवढीच दिसली होती. म्हणून बहात्तर पोरींना अक्षर समजून ते पुढं निघून गेलं आणि दोन खेपा आल्या त्या निव्वळ गावाच्या आणि जनावरांच्या.

"अव्वा, हा आकडा कोणी भरला?"

"मीच. बाजारातल्या कम्प्युटर क्लासात जाऊन. तिथला मुलगा रेघ मारत नव्हता, मी मारायला लावली. आकड्याच्या आधी बरोबरच्या चिन्हासारख्या दोन रेघा बी मारायच्या होत्या, पण त्या घेत न्हाई मनला. पुढची मात्र मी सोडली न्हाई."

"का पण?"

"आधीच्या वसतिगृहात मी वाढलेला आकडा बघितलाय, मॅडम. चोवीस पोरी होत्या, कुणीतरी पुढं शून्य चढवलं आणि दोनशे चाळीस पोरींचं धान्य कुठं गेलं ते कुणालाच ठाऊक न्हाई. खोटं कुणी केलं ते सापडलं न्हाई, पण पोरी उपाशी ऱ्हायल्या. तवापासून मी आकडा उघडा सोडत न्हाई."

मी त्यांना समजावून सांगितलं. त्या पडद्याकडं बघत राहिल्या. सगळं समजल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "मंजे माझ्याच रेघेनं माझ्या लेकींचं पाणी तोडलं?"

त्या बाईला मी तोवर कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "रेघेनं नाही, अव्वा. तुम्ही आकडा जपला. तक्ता करणाऱ्यानं कोण काय लिहील याचा विचार केला नाही आणि आम्ही सगळ्यांनी खालची बेरीज डोळे झाकून मानली." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं, मला तसंच वाटत होतं आणि अजून वाटतं.

मी साहेबांना बोलावून आणलं. ते वाकून बघत म्हणाले, "पण आकडा तर समोर दिसतोय!"

"दिसतोय साहेब. धरलेला नाही."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला, तिन्ही आकड्यांची स्वतः बेरीज केली, पुन्हा केली, मग खुर्ची ओढून मटकन बसले. बाबूभाईंना आत बोलावून म्हणाले, "चाचा, माफ करा." बाबूभाईंनी दोन्ही हात उचलले आणि म्हणाले, "छोडो साहब, पानी लिखो." आम्ही सगळेच हसलो, अव्वा सोडून.

आता तुम्ही म्हणाल, रेघ पुसायची, बहात्तर लिहायचं, झालं. मलाही तसंच वाटलं. दुरुस्त आकड्याखाली संस्थेच्या प्रमुखाची सही लागत होती. मी रेघ काढली, खेपा दोनाच्या तीन झाल्या, कागद छापून अव्वांपुढं ठेवला, पेन दिला.

"ह्यावर मी सही करत न्हाई," अव्वा म्हणाल्या.

"अव्वा!"

"उघडा आकडा हाय. उद्या कुणी ह्याचे सातशे वीस केले, तर खाली सही माझी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अहो, कागद नाही हा, संगणक आहे. इथं कोणी पेननं शून्य चढवत नाही."

"पेननं न्हाई, बोटानं चढवतील. पेनाचा डाग तरी दिसतो. तुमच्या ह्याच्यात तर डाग बी दिसत न्हाई." आणि पेन त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

मला राग आला. राग आला कारण त्यांचं बरोबर होतं. ज्या वर्षी अख्खा मुलूख आकडे फुगवत होता, त्या वर्षी ही एकटी बाई खरा आकडा सांगत होती, आणि तो खरा राहावा म्हणून जी एक खूण तिला ठाऊक होती ती आम्ही तिच्या हातून काढून घेत होतो. पोरींना पाणी हवं म्हणून तीच गयावया करत होती आणि तीच सही करत नव्हती. 

मग आठवलं. यंत्रात एक सोय असते. चौकटीत आकडा निखळ आकडाच ठेवायचा आणि तो दिसावा कसा, एवढंच वेगळं सांगायचं. सांगितलं की बाबा, जो काही आकडा असेल त्याच्यापुढं दाखवताना ही रेघ काढून दाखव, की ते दाखवतं. छापतानाही छापतं. बेरजेच्या वेळी मात्र रेघ आड येत नाही, कारण ती फक्त अंगावरचा कपडा असते. फरक इतकाच की असा कपडा चढवायला कुलूप उघडायला हवं.

साहेबांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसानं खूप आढेवेढे घेतले. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, "साहेब, रेघ कशाला पाहिजे पण?" साहेब आमच्याकडं एकवार बघून म्हणाले, "पाहिजे. रेघेशिवाय बाई सही करत नाहीत आणि मी त्यांच्या बाजूनं आहे." हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मला त्यांच्याविषयी जो आदर वाटायला लागला तो आजही आहे. शेवटी पासवर्ड मिळाला. मी त्या अख्ख्या रकान्याला रेघ चढवली, बहात्तर घातले, आणि पडद्यावर ७२ पुढं तिरकी रेघ, आडवी रेघ, आणि खेपा तीन.

अव्वांनी चष्मा लावला, चौकट पाहिली, बेरीज पाहिली, खेपा पाहिल्या. मग पदरानं बोटं पुसून सही केली. सहीखालीसुद्धा रेघ मारली. बंदच्या प्रस्तावाचा कोरा नमुना साहेबांनी माझ्या फाईलमधून स्वतः काढून घेतला.

वरच्या माणसानं संध्याकाळी मला परत फोन केला. आवाज जरा नरमलेला. त्यानं बाकीच्या तालुक्यांचे रकाने तपासले होते आणि आणखीही काही जागी आकडे असेच रेघा मारून डावीकडं टेकलेले निघाले होते. एक आश्रमशाळा होती, एक चारा छावणी होती. "मॅडम, हे तर सगळे बिनपाण्याचे राहिले असते," म्हणाला. मी म्हटलं, "मग आता मधोमध करायचं सोडा." किती सहज बोलले मी. पण त्या रात्री घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांत मी वर पाठवलेल्या किती बेरजांमध्ये अशी कोणकोण माणसं नुसती दिसत राहिली असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, मिळणारही नाही. म्हणून निवृत्तीनंतर आता मी नांदेडात नव्यानं लागलेल्या मुलामुलींना रविवारी बोलावून हेच शिकवते. आधी रांगोळी पुसा, मग बेरीज करा. ती पोरं हुशार आहेत, माझ्याहून लवकर पकडतात, आणि हे बघून जीवाला बरं वाटतं.

तिसरी खेप सुरू झाली. गावातल्या बायांनी मुलींना टाकीजवळ येऊ द्यायला सुरुवात केली, काही जणी तर स्वतःच त्यांच्या घागरी उचलून द्यायला लागल्या. नवा जिल्हा काही त्या वर्षी झाला नाही. पाऊसही लांबला.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मी बाबूभाईंच्या टँकरमध्ये बसून गोंदेवाडीला गेले. सरकारी काम काही नव्हतं, मला बघायचं होतं. माळावर वसतिगृहाच्या मागं फरशीवर दहावीच्या पोरी एका ओळीत बसल्या होत्या आणि एकमेकींच्या डोक्यावर पाणी ओतत होत्या. शिकेकाईचा वास सुटला होता. एकीच्या डोळ्यात फेस गेला म्हणून ती ओरडत होती आणि बाकीच्या हसत होत्या. ओल्या केसांच्या नुसत्या झिपऱ्या झालेल्या, त्यांतून पाणी गळत होतं आणि त्या ते गळू देत होत्या.

अव्वा तिथंच दगडावर बसल्या होत्या, पण तोंड दुसरीकडं, रस्त्याकडं करून. मी जवळ जाऊन विचारलं, "अव्वा, इकडं तोंड करून का बसलात?"

"तिकडं बघितलं की हात आपोआप लोटे मोजतेत, मॅडम," त्या म्हणाल्या. "आज मोजायचं न्हाई."

मग मीही त्यांच्या शेजारी बसले, रस्त्याकडं तोंड करून. मागं पाणी पडत राहिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, ज्याच्यापासून लपवावं असं तिथं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीच्या त्या सगळ्या पोरी पेपरला बसल्या. एकही घरी गेली नव्हती.